कूट, सिमसिम आणि ऊद

उमराहला निघणाऱ्या माणसाला आमच्या पहूरमध्ये दोन याद्या न मागता मिळतात. एक सामानाची. एहरामच्या दोन जोड्या, कमरेचा पट्टा, बिनवासाचा साबण, चपलांची पिशवी. दुसरी दुआंची. शेजारच्या भाभी, शाळेतल्या सहकारी, स्टँडवरचा फळवाला, प्रत्येकाचे नाव घेऊन काबाशरीफसमोर मागायचे असते. मी या दोन याद्यांशिवाय एक तिसरी यादी केली होती. ती पाहून माझी नणंद म्हणाली, "भाभी, उमरे को जा रहे के दवाखाने को?"

तिची थट्टा रास्त होती. त्या यादीत अॅड्रेनालिनच्या कुप्या होत्या, सिरिंज होत्या, इनहेलर होता, घरची उशीची खोळ होती, बिनवासाचा कपडे धुण्याचा साबण होता आणि पाच भाषांत लिहिलेले एक कार्ड होते. आमच्या घरात दोघांना परहेज आहे. माझ्या 14 वर्षांच्या मुलाला शेंगदाणा आणि तीळ चालत नाहीत. मला वास चालत नाहीत. अत्तर, ऊद, अगरबत्ती, डिओ, फिनेल, काहीही तीव्र असले की छाती आवळते आणि दम लागतो.

ही दोन दुखणी लोक एकाच पिशवीत घालतात. ती वेगळी आहेत, हे आधी सांगते. मुलाच्या शरीराला शेंगदाण्यातले प्रथिन शत्रू वाटते. ते पोटात गेले की काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वासनळी आवळते, रक्तदाब कोसळू शकतो. यात जीव जातो. माझे तसे नाही. माझा दमा आहे आणि वास त्याला चिथावतो. मला त्या जागेवरून उठून मोकळ्या हवेत जाता आले, इनहेलर घेता आला, की बहुतेक वेळा निभावते. मुलाला उठून जाऊन भागत नाही.

खानदेशात शेंगदाण्याची अॅलर्जी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावणे अवघड आहे. आमच्याकडे दाण्याचा कूट हा पदार्थच मानला जात नाही. तो मिठासारखा असतो. भरल्या वांग्यात कूट, भरितात दाणे, ठेच्यात दाणे, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, साबुदाण्यात तर हवेच. "याच्यात शेंगदाणे आहेत का?" असे विचारले की समोरची बाई मनापासून "नाही" म्हणते, कारण तिच्या मते शेंगदाणे म्हणजे अख्खे दाणे. म्हणून मी "कूट घातलाय का, आणि तेल कसले?" असे विचारते. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात राहते. संक्रांतीला शाळेत मुले तिळगूळ घेऊन पुढे येतात. मी तो कागदात घेते, गोड बोलते आणि घरी न नेता शेजारच्या वर्गात पोचवते.

नेमके हेच सगळे परदेशात नेऊन कसे सांभाळायचे, हा प्रश्न होता. सासूबाईंचे मत स्पष्ट होते, मुलाला नेऊ नका. उमराह त्याच्यावर फर्ज नाही, तो बालिग होईल, कमावेल, मग जाईल. यात चूक काही नव्हते. पण मुलाने दोन वर्षे आपली ईदी साठवली होती आणि आजार काही मोठेपणी जाणारा दिसत नव्हता. लहानपणीची दुधाची किंवा अंड्याची अॅलर्जी पुष्कळ मुलांत मावळते. शेंगदाण्याची फार थोड्यांत मावळते. आज नेला नाही, तर उद्या एकटा जाईल, आणि तेव्हा त्याला बोलायची सवय नसेल. आम्ही त्याला न्यायचे ठरवले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो.

दुसरी अडचण मतांची नव्हती, मायेची होती. निरोप द्यायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता. "वहां कुछ नहीं होता, अल्लाह के घर की चीज है, बिस्मिल्लाह करके खिला देना." मी वाद घातला नाही. पण मनात हिशोब चालू होता. हरमच्या हद्दीतही माणसाला ताप येतो, पाय मोडतो, मौतसुद्धा येते. मग शेंगदाणा तिथे का थांबेल? उंट बांधून मग तवक्कुल करण्याची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. आमचा उंट त्या सिरिंजमध्ये होता.

परदेशात आणि भारतात अॅड्रेनालिनच्या बाबतीत मोठा फरक आहे. तिकडे पेनासारखे तयार इंजेक्शन मिळते, मांडीवर दाबले की झाले. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ते सहजी मिळत नाही. मिळते ती काचेची छोटी कुपी. ती फोडायची, सिरिंजमध्ये औषध ओढायचे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचे. गरज पडली तर कपड्यावरूनही. जळगावच्या डॉक्टरांनी मला आणि मुलाच्या अब्बूंना नुसत्या पाण्याच्या कुप्यांवर सराव करायला लावला. मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली. एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली, ती मी इथे लिहून ठेवते. अॅलर्जीची गोळी पुरळ आणि खाज कमी करते, ती बंद होणारी श्वासनळी उघडत नाही. आधी अॅड्रेनालिन, गोळी नंतर. आपल्या घरांत बरोबर याच्या उलट होते.

औषध 25 अंशांखाली ठेवायचे आणि गोठू द्यायचे नाही. मक्केत दिवाळीच्या सुमारासही दुपारी पारा 35 च्या आसपास असतो. म्हणून उष्णतेपासून जपणारे छोटे पाकीट घेतले आणि ते मोठ्या बॅगेत न टाकता गळ्यातल्या पिशवीत ठेवले. कुप्या मूळ खोक्यात, सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र. मुंबईला तपासणीवाल्याने पत्र वाचले, मुलाकडे पाहिले आणि जाऊ दिले.

आता कार्डाबद्दल. मी उर्दू शाळेत शिकवते. माझा मुलगा कुरआन नाजरा वाचतो. तरी आमच्या लक्षात आले की अरबी अक्षरे येणे आणि अरबी येणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचे अक्षर न् अक्षर आम्ही वाचू शकत होतो, अर्थ मात्र लागत नव्हता. उर्दूत मूंगफली, अरबीत फूल सूदानी, म्हणजे सुदानी शेंग. नुसते "फूल" म्हणजे बाकला, तो तिकडे रोज सकाळी शिजवून खातात. त्यात शेंगदाणा नसतो, पण वरून बरेचदा तहीना ओततात आणि तहीना म्हणजे वाटलेले तीळ. हुमुसमध्ये तहीना, हलाव्यात तहीना. आणि तिळाला अरबीत काय म्हणतात? सिमसिम! अलीबाबाची गुहा ज्या शब्दाने उघडते, तोच. मुलाला हा शब्द एकदा सांगितला आणि पुन्हा कधी विचारावा लागला नाही.

कार्डावर पहिले वाक्य अरबीत होते, "इंदी हस्सासिया मिनस्सिमसिम वल फूलिस्सूदानी." मला तीळ आणि शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. मग उर्दू, इंग्रजी, बंगाली आणि मल्याळम. शेवटच्या दोन भाषा का, असे आमच्या गटातल्या एकाने विचारले. कारण मक्का-मदिन्याच्या हॉटेलांत वाढणारा बरेचदा बांगलादेशी असतो आणि भटारखान्यात केरळी. बंगालीत शेंगदाणा म्हणजे चिनाबादाम. मल्याळीत तीळ म्हणजे एळ्ळू. पाहुण्याशी मॅनेजर बोलतो, पण पळी कुणाच्या हातात आहे ते महत्त्वाचे.

मला इतके लिहून घ्यावेसे वाटण्याला एक कारण होते. लंडनची नताशा एदनान-लापेरूस ही 15 वर्षांची मुलगी 2016 मध्ये वडिलांसोबत फ्रान्सच्या विमानात बसली. विमानतळावर घेतलेल्या पावाच्या कणकेतच तीळ मळलेले होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. वडिलांनी दोन इंजेक्शने दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यामुळे ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बांधून विकायला ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक छापणे सक्तीचे झाले. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नोंद करायचा नववा पदार्थ झाला. (त्यावर काही बेकऱ्यांनी साफसफाईची कटकट नको म्हणून मुद्दाम थोडे तीळ घालून तसे छापायला सुरुवात केली. माणूस कुठेही सारखाच!) आपल्या देशात 2020 च्या नियमांनुसार पाकिटावर शेंगदाण्याची सूचना द्यावी लागते. तीळ त्या यादीत नाही. म्हणजे भारतातली बिस्किटे सोबत घ्यायची, तरी घटकांची बारीक अक्षरे भिंग लावून वाचायचीच.

वासाचे लेबल तर आणखी गूढ. साबणावर "परफ्यूम" एवढा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दाआड डझनावारी रसायने बसलेली असतात. युरोपात 26 सुगंधी घटकांची नावे वेगळी छापावी लागत, 2023 च्या नियमाने ती यादी 80 च्या वर नेली. शिवाय "अनसेंटेड" लिहिलेल्या वस्तूत कच्च्या मालाचा वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. "फ्रॅग्रन्स फ्री" असे लिहिलेले असेल तेच घ्यायचे.

प्रवासाची सुरुवात मला सर्वांत सोपी गेली. मुंबईहून जेद्दाहला जाताना यलमलमचा मीकात विमानातच येतो, म्हणून सगळ्यांनी एहराम आधीच बांधलेला असतो. आणि एहरामात खुशबू मना आहे, पुरुषांना आणि बायकांनाही. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, वासाचे तेल नाही, सुगंधी ओला रुमालही नाही. आमच्या गटात 40 च्या वर माणसे होती. शाळेत, लग्नात, मय्यतीच्या घरीसुद्धा मी ज्यांच्यापासून दोन हात लांब बसते, तशीच सगळी. त्या एका दिवसात कुणाला काही सांगावे लागले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या खाला म्हणाल्या, "आज सब तुम्हारे जैसे." उमराह पूर्ण होऊन केस कापले गेले आणि तासाभरात हॉटेलच्या लिफ्टमध्ये सगळ्या बाटल्या उघडल्या. मी जिन्याने चढले. चौथा मजला होता.

पण खुद्द मताफात खुशबू असते, हे इथून जाणाऱ्या दम्याच्या रुग्णांना माहीत असायला हवे. हजर-ए-अस्वद, रुक्न-ए-यमानी, मुल्तजम, गिलाफ यांना ऊदचे तेल लावतात. म्हणूनच तर एहरामात असताना तिथे हात लावू नये, खुशबू अंगाला लागते, असे मसाइलच्या पुस्तकांत बजावलेले असते. काब्याजवळ गेले की गर्दीच्या घामात मिसळलेला तो दाट वास येतो. इतरांच्या डोळ्यांत त्याने पाणी येते ते वेगळ्या कारणाने. मी एक फेरा खाली केला आणि उरलेला तवाफ वरच्या मजल्यावर. तिथे फेरा फार लांब पडतो, पाय बोलतात, पण हवा वाहती असते. मास्कचे मी निघण्याआधीच मौलानांना विचारले होते. एहरामात चेहऱ्याला कापड लागू नये, हा मसला आहे. आजाराची मजबुरी असेल तर काय सूट आणि काय फिदया, हे त्यांनी माझा आजार ऐकून घेऊन सांगितले. ते उत्तर माझ्यापुरते आहे. ज्याला गरज असेल त्याने आपल्या आलिमांना आधीच, आजाराच्या कागदांसह विचारावे. विमानात बसून मोबाईलवर फतवे शोधू नयेत.

हॉटेलच्या खोलीचे दोन दिवस आधी कळवले होते की स्प्रे मारू नका. स्प्रे मारलेला होता. मेहमानाची खोली सुगंधी नसणे हे त्यांना अपमानासारखे वाटत असावे. खिडकी उघडत नव्हती. अब्बूंनी दार उघडे ठेवून पंखा लावला, मी घरची खोळ उशीवर चढवली आणि इशापर्यंत हरममध्येच बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मी मक्केत अरबी जेवणाला घाबरत होते. प्रत्यक्षात मंदीचा भात, भाजलेली कोंबडी, टमाट्याची तिखट चटणी, हे मुलाने बिनधास्त खाल्ले. तीळ असले तर पावावर डोळ्यांना दिसत होते. धोका आला तो आपल्या जेवणातून. टूरवाल्यांनी हाजींना घरची चव मिळावी म्हणून इकडचाच बावर्ची नेला होता. भला माणूस. पहिल्याच दिवशी मी त्याला कार्ड दाखवले, त्याने कान पकडले आणि मुलासाठी रोज वेगळे छोटे पातेले ठेवले. तिसऱ्या रात्री भरली वांगी होती. मुलाच्या पातेल्यात साधी डाळ. वाढपाच्या गडबडीत कुणीतरी वांग्यातली पळी त्या डाळीत बुडवली. एवढेच.

दोन-तीन घास झाले आणि तो म्हणाला, "अम्मी, जबान में कांटे जैसे हो रहे." मग ओठ. मग खोकला, आणि उलटी. अब्बूंनी त्याला तिथेच सतरंजीवर कुशीवर निजवले, पायांखाली उशा दिल्या. उठवून बसवायचे नाही, चालवायचे नाही, हे आम्हाला शिकवलेले होते. मी कुपी फोडली. आसपास माणसे जमली. एका काकांनी अॅलर्जीची गोळी पुढे केली. खाला जमजमचा पेला घेऊन आल्या आणि पढून फुंकू लागल्या. मी म्हटले, "खाला, पढते रहो, पिलाओ मत." खोकणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी नको होते. त्या पढत राहिल्या. मी पायजम्यावरूनच मांडीत टोचले. टूरच्या पोराने 997 फिरवला, तो तिकडचा रुग्णवाहिकेचा नंबर.

पाच-सात मिनिटांत खोकल्याचा आवाज बदलला. तो आवाज मी कुठेही ओळखेन.

हॉस्पिटलात त्याला रात्रभर ठेवून घेतले. बरे वाटले म्हणून लगेच परतायचे नसते, काही तासांनी त्रास उलटू शकतो. उमराहच्या व्हिसातच विम्याचे पैसे भरलेले असतात, त्यामुळे कुणी आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. ड्यूटीवरचे डॉक्टर सुदानचे होते. मी "फूल सूदानी" म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. म्हणाले, माझ्या देशाच्या नावाचा दाणा, आणि मुलगा तुमचा. फजरची अजान आम्ही वॉर्डात ऐकली.

सकाळी गटात दोन तट पडले होते. काही म्हणत होते, नजर लागली. काहींचे म्हणणे, एवढे आजारी मूल आणायचेच कशाला. टूरच्या जबाबदार माणसाने आम्हाला बाजूला घेऊन, पुढच्या दिवसांत मुलाला खोलीतच ठेवा, असे सुचवले. त्याला भीती वाटली होती, ते मी समजू शकते. पण काम पळी वेगळी ठेवण्याचे होते, मूल वेगळे ठेवण्याचे नव्हते. मी तेवढेच बोलले. बावर्चीने त्या दिवशी बाजारातून लाल दांड्याची पळी आणली आणि मुलाच्या पातेल्याला दोरीने बांधून टाकली.

मदिन्याला गट बसने गेला. बसमध्ये ड्रायव्हरने वासाच्या तीन बाटल्या टांगल्या होत्या, म्हणून आम्ही तिघे हरमैन रेल्वेने गेलो. 2018 पासून ही गाडी सुरू आहे, ताशी 300 किलोमीटरने धावते. तिकिटाचे पैसे बोचले. दम लागला असता तर अधिक बोचले असते.

मस्जिद-ए-नबवीत रमजानशिवायही सोमवारी आणि गुरुवारी रोजेदारांसाठी सुफरे लागतात. मदिन्याचे लोक पाहुण्यांचा हात धरून आपल्या दस्तरखानावर ओढतात. कुणाच्या सुफऱ्यावर जास्त मेहमान बसले याचीच त्यांच्यात चढाओढ. खजूर, दही, गहवा, आणि "शुरैक" नावाचा गोल पाव. शुरैकवर तीळ असतात. दह्यावर शिंपडायचा "दुक्का" नावाचा मसाला असतो, त्यातही कधी तीळ असतात. गुरुवारी मुलाने रोजा धरला आणि अब्बूंसोबत मर्दांच्या बाजूला जाण्याचा हट्ट धरला. मला बायकांच्या बाजूला जायचे होते. मधे पडदे, भिंती आणि हजारो माणसे. मक्केतल्या रात्रीनंतर तो पहिल्यांदाच माझ्या नजरेआड जेवायला बसणार होता. सिरिंजची पिशवी मी त्याच्या अब्बूंच्या गळ्यात घातली, कार्ड मुलाच्या खिशात.

माझ्या सुफऱ्यावर एक वयस्कर अरब बाई सगळ्यांच्या तळहातावर ऊद लावत येत होत्या. दिलेली खुशबू नाकारू नये, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. घरी याच कारणाने मी कित्येकदा हात पुढे केला आहे आणि रात्र बसून काढली आहे. त्या दिवशी मी हात छातीवर ठेवला, इनहेलर दाखवला आणि मुलाचाच शब्द वापरला, "हस्सासिया." त्यांनी बाटली मिटली, माझ्या डोक्यावरून कोरडा हात फिरवला आणि पुढच्या बाईकडे गेल्या. पलीकडच्या एकीला ते आवडले नाही. तिने तोंड फिरवले. कच्चा कांदा-लसूण खाऊन मस्जिदीत येऊ नये, इतरांना त्याचा त्रास होतो, असे हदीसमध्ये आहे. त्याच न्यायाने अत्तरानेही कुणाला त्रास होऊ शकतो, हे तिला कोणत्या भाषेत सांगू? राहू दिले.

अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला आणि मोबाईल थरथरला. मुलाचा निरोप. "हाथ पे दाने आए. धो लिया. गोली ली. सांस ठीक."

चार लहान वाक्ये. मी ती कितीदा वाचली ते सांगत नाही. उठून जाता येत नव्हते. तकबीर झाली, मी सफीत उभी राहिले, आणि त्या तीन रकातांत माझे मन कुठे होते ते अल्लाहला ठाऊक आहे.

नंतर ठरलेल्या दरवाजाशी दोघे भेटले. अब्बूंनी सांगितले ते असे. मेजबान म्हातारे होते. मुलाने न अडखळता आपले अरबी वाक्य म्हटले. त्यांनी ते दोनदा ऐकले, मग मोठ्याने ओरडून आपल्या पोरांना काहीतरी सांगितले. मुलासमोरचा शुरैक गेला, दुक्क्याची वाटी गेली, प्लास्टिकचा तुकडा फाडून नवा अंथरला गेला आणि बंद झाकणाची दह्याची वाटी आली. शेजारच्या माणसाने पाव मोडला तेव्हा तीळ उडाले, एक-दोन मनगटावर पडले. तिथे गांधी उठल्या. मुलगा स्वतः उठला, वुजूच्या जागी हात धुऊन आला, गोळी घेतली, अब्बूंना म्हणाला, श्वास मोजत बसा. अब्बूंच्या हातात कुपी तयार होती. लागली नाही.

मुलगा मात्र वेगळ्याच गोष्टीत गुंतला होता. "अम्मी, सोमवार को भी जाऊं? उनो नाम पूछे मेरा. बोले, तेरे वास्ते बगैर सिमसिम का रखूंगा."

सोमवारी आम्ही परतीच्या वाटेवर होतो, त्यामुळे ते राहिले.

घरी आल्यावर जमजम आणि खजूर वाटताना लोकांनी तब्येतीचे विचारले, तसे मी सगळे सांगितले. परवा त्याच खालांचा फोन आला. पुढच्या महिन्यात त्यांच्या नातीचे लग्न आहे. म्हणाल्या, अत्तर दारात कुणी हाताला लावणार नाही, टेबलावर ठेवू, ज्याला हवे तो घेईल. आणि एक भाजी बिनकुटाची, वेगळ्या पातेल्यात. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "पली भी अलग, बांध के रखूंगी."

आम्ही जाणार आहोत. मुलाचा डबा मात्र घरूनच नेणार, ते खालांना फोनवरच सांगून टाकले. त्या थोड्या रागावल्या.